दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाला लागणारा खरा वेळ स्वतः कसा काढायचा (मुंबई-दिल्ली धरून)

मुंबई ते दिल्ली विमानाने किती अंतर, असं सर्च केलं की एक साइट १,१३६ किलोमीटरच्या आसपास सांगते, दुसरी दहाबारा किलोमीटर जास्त सांगते, तिसरी थेट १,४०० च्या वर जाते. वेळेचंही तसंच, कुठे १ तास ४५ मिनिटं लिहिलेलं असतं आणि तिकिटावर २ तास १५ मिनिटं छापलेलं असतं. मग माणूस गोंधळतो आणि शेवटी अंदाजाने घरच्यांना सांगतो की दोन तासात पोचतो. यातले बहुतेक आकडे आपापल्या जागी बरोबरच असतात, फक्त प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजत असतो. कोण काय मोजतंय हे एकदा समजलं की कुठल्याही दोन गावांसाठी तुम्ही स्वतः कागद-पेन घेऊन पाच मिनिटात हिशोब काढू शकता, आणि माझं म्हणणं असं आहे की तिकीट काढायच्या आधी तो काढावाच, कारण विमानाचा प्रवास किलोमीटरवर ठरतच नाही, तो ठरतो गेटपासून गेटपर्यंत आणि घरापासून घरापर्यंतच्या वेळेवर.

आधी अंतर. १,४०० च्या वरचा आकडा हा रस्त्याचा असतो, रेल्वेचाही त्याच्या जवळपास जातो, राजधानी एक्सप्रेस मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली साधारण १,३८५ किलोमीटर धावते. विमानाचं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन विमानतळांमधली सगळ्यात जवळची रेघ. आणि १,१३६ ऐवजी थोडा जास्त आकडा दिसला तर समजायचं की त्या साइटने विमानतळ न धरता शहराचा मध्य धरलाय, कारण मुंबईचा विमानतळ शहराच्या उत्तर बाजूला आहे आणि दिल्लीचा विमानतळ दक्षिण-पश्चिम बाजूला, म्हणजे दोन्हीकडून अंतर थोडं थोडं कमी होतं. म्हणून सर्च करताना शहराचं नाव टाकू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. मुंबई बीओएम, दिल्ली डीईएल, पुणे पीएनक्यू, नागपूर एनएजी.

कोडची सवय लावून घ्याच, कारण आता एका शहराला दोन विमानतळ असायला लागलेत. गोव्यात दाबोळी म्हणजे जीओआय आणि मोपा म्हणजे जीओएक्स, मोपावरून जानेवारी २०२३ पासून विमानं सुटतात. एक दक्षिण गोव्यात वास्कोजवळ, दुसरा पार उत्तरेला पेडणे तालुक्यात. अ‍ॅपवर दोन्हीला गोवाच लिहिलेलं असतं, आणि ज्याला काणकोणला जायचंय त्याने स्वस्त बघून मोपाचं तिकीट काढलं तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात, वर दोनेक तास जातात ते वेगळे. उलट सावंतवाडी-कुडाळकडच्या माणसाला मोपाच जवळ. नवी मुंबईचा विमानतळही डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय, कोड एनएमआय. पनवेल, उलवे, खारघर, अगदी पुण्याहून एक्सप्रेसवेने येणाऱ्यालाही तो बरा पडतो, पण बोरिवलीच्या माणसाने तिकिटावर नुसतं मुंबई वाचून निघू नये.

आता हिशोब. गुगल मॅपवर विमानतळावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश येतात. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. दिल्ली विमानतळ २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. एक अंश अक्षांश म्हणजे सगळीकडे साधारण १११ किलोमीटर, हे शाळेत भूगोलात शिकलेलं असतं. तर अक्षांशाचा फरक ९.४८, गुणिले १११, म्हणजे १,०५२ किलोमीटर, हे झालं उत्तरेकडे. रेखांशाचं मात्र थोडं वेगळं आहे, विषुववृत्तावर एक अंश १११ किलोमीटर असतो आणि वर जावं तसा तो कमी होत जातो, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कॉसने गुणायचं. मुंबई-दिल्लीचा मध्य साधारण २३.८ अंश, त्याचा कॉस ०.९१५. रेखांशाचा फरक ४.२३, गुणिले १११, गुणिले ०.९१५, म्हणजे ४३० किलोमीटर पूर्वेकडे. मग पायथागोरस, दोघांचा वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा, उत्तर येतं १,१३६. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा केला की कॉसचं बटण दिसतं, फक्त तो डिग्रीवर आहे की रेडियनवर ते बघून घ्या, रेडियनवर असेल तर उत्तर भलतंच येईल. कॉसच्या भानगडीत पडायचं नसेल तर महाराष्ट्रात कुठेही ०.९४ धरा, दिल्लीच्या आसपास ०.८८, चालून जातं.

हीच पद्धत पुणे-नागपूरला लावा. पुणे १८.५८ आणि ७३.९२, नागपूर २१.०९ आणि ७९.०५. उत्तरेकडे २७९, पूर्वेकडे ५३५, उत्तर येतं ६०४ च्या आसपास. रस्त्याने तेच सातशेच्या वर जातं.

देशातल्या देशात ही युक्ती बिनधास्त वापरा, पण लंडन-अमेरिकेला वापरू नका, तिथे पृथ्वीचा गोलपणा आडवा येतो आणि आकडा चुकतो. लांबच्या प्रवासाला एक फार छान उपाय आहे, घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो घ्या आणि शिवणाचा दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा घट्ट ताणा. भिंतीवरच्या नकाशात आपल्याला वाटतं की विमान अरबस्तान, भूमध्य समुद्र असं सरळ पश्चिमेला जात असेल, पण दोरा ताणल्यावर तो चक्क वर सरकतो, मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया असा करत ६५ अंश उत्तरेच्या जवळ जातो आणि मग कॅनडाच्या बाजूने खाली उतरतो. मुलांना हे जरूर दाखवा, नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल याचा अर्थ त्या एका दोऱ्यात समजतो. आता तो दोरा पट्टीवर मोजा. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास ४२५ किलोमीटर. मुंबई-लंडन दोरा १७ सेंटिमीटर भरतो, म्हणजे ७,२०० किलोमीटर, आणि खरं अंतर तेवढंच आहे. मुंबई-न्यूयॉर्क साडेबारा हजार. तुमचा गोल लहान असेल तर विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळून मोजा आणि ४०,००० ला त्या सेंटिमीटरने भागा, तुमचं प्रमाण मिळालं. गोल नसेल तर ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे, दोन कोड टाकले की रेघ आणि आकडा दोन्ही देते. तिथे आकडा मैलात दिसला तर कुठला मैल ते बघा, साधा मैल १.६०९ किलोमीटरचा आणि विमानवाल्यांचा नॉटिकल मैल १.८५२ चा. मुंबई-दिल्ली ७०६ मैल आणि ६१३ नॉटिकल मैल, दोन्ही बरोबर.

आता वेळ

इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. विमानाचा वेग विचारला की लोक साडेआठशे-नऊशे सांगतात, मग १,१३६ ला ८५० ने भागतात आणि म्हणतात सव्वा-दीड तासात दिल्ली. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ वर गेल्यावर ८३० च्या आसपास जातं हे खरं, पण वर जायला वीसेक मिनिटं आणि खाली यायला पंचवीसेक मिनिटं लागतात आणि त्या वेळात वेग कमी असतो. शिवाय जमिनीवर रांगत धावपट्टीपर्यंत जायचं, तिथे नंबर लावायचा, उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत जायचं.

माझा ठोकताळा असा आहे, अंतर भागिले ८००, अधिक अर्धा तास. मुंबई-दिल्लीला १,१३६ भागिले ८०० म्हणजे एक तास पंचवीस मिनिटं, अधिक तीस, झाले एक तास पंचावन्न. हा गेट ते गेट कमीत कमी वेळ समजा. दोन्हीकडे गर्दीचे विमानतळ असतील तर अजून पंधरा-वीस मिनिटं धरा, सव्वादोन तास झाले, आणि तिकिटावर साधारण तेवढंच छापलेलं दिसेल. पुणे-नागपूरला ६०४ भागिले ८०० म्हणजे पाऊण तास, अधिक अर्धा, सव्वा तास, तिकिटावर सव्वा ते दीडच्या मध्ये असतं. मुंबई-दुबई १,९२६ किलोमीटर, ठोकताळ्याने दोन तास पंचावन्न, गर्दीचं धरून सव्वातीन तास. लांबच्या पल्ल्याला मोठी विमानं असतात, ती नऊशेच्या जवळ जातात, तिथे ८५० ने भागा.

एक अपवाद लक्षात ठेवा, पंख्याची विमानं. अलायन्स एअर आणि इंडिगो काही छोट्या मार्गांवर एटीआर ७२ चालवतात, ते ताशी पाचशेच्या आसपास जातं, तिथे ४५० ने भागायचं. बुकिंग करताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचायची सवय ठेवा, विशेषतः बरोबर कोणी म्हातारं माणूस असेल किंवा पुढची फ्लाइट पकडायची असेल तर.

तिकिटावरच्या वेळेला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात, म्हणजे गेटवरून विमान मागे ढकललं त्या क्षणापासून दुसऱ्या गेटवर उभं राहीपर्यंत. आणि काही साइट्स नुसता हवेतला वेळ देतात, मुंबई-दिल्लीला तो १ तास ४०-५० मिनिटांचा असतो. आता सुरुवातीच्या गोंधळाचं उत्तर मिळालं, १:४५ पण खरं आणि २:१५ पण खरं.

मधली ती अर्धा तासाची तफावत कुठे जाते ते बघायचं असेल तर एखाद्या संध्याकाळी फ्लाइटरडार२४ (उडणारी विमानं नकाशावर थेट दाखवणारी साइट) उघडून मुंबई विमानतळ मोठा करून बघा. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि त्याच एका पट्टीवर उतरणारी आणि सुटणारी दोन्ही विमानं आळीपाळीने. बहुतेक दिवस विमानं घाटकोपर-कुर्ल्याकडून उतरतात आणि जुहूच्या समुद्राकडे सुटतात. म्हणजे दिल्लीहून येणारं विमान उत्तरेकडून येऊन थेट उतरू शकत नाही, ते आधी पूर्वेला जातं, वळतं आणि मग पश्चिमेकडे तोंड करून रांगेत लागतं. रांग मोठी असली तर त्याला आधीच कुठेतरी घिरट्या घालायला सांगतात, स्क्रीनवर ते विमान लांबट गोल गोल फिरताना स्पष्ट दिसतं. आत बसलेल्या माणसाला फक्त एवढंच कळतं की मघाशी खाली आलो होतो आणि अजून उतरत का नाही. म्हणूनच नकाशावरच्या सरळ रेघेपेक्षा विमान प्रत्यक्षात कधीही जास्तच किलोमीटर उडतं. दिल्लीला चार धावपट्ट्या आहेत, पण तिथे विमानाच्या जमिनीवर रांगण्यात वेळ जातो, उतरल्यावर गेटपर्यंत इतकं लांब रांगतं की माणसं उठून बॅगा काढून दारात उभी राहतात आणि विमान चालूच असतं. कृपा करून बसून राहा, पट्टा लावून राहा, घाई करून काही मिळत नाही.

खरा वेळ काढायची सगळ्यात भरवशाची पद्धत मी सांगेन ती हीच, तुमच्या फ्लाइटचा नंबर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर टाका आणि मागच्या काही दिवसांचा इतिहास बघा. ठरलेली वेळ, प्रत्यक्ष सुटलेली वेळ, प्रत्यक्ष उतरलेली वेळ सगळं ओळीने मिळतं, पैसे न भरताही साधारण आठवड्याभराचं दिसतं. रोज चाळीस मिनिटं उशिरा सुटणारी फ्लाइट असेल तर ती तुमच्या दिवशी वेळेवर सुटेल असं धरून पुढचं काही ठरवू नका. सकाळच्या पहिल्या फ्लाइट्स सहसा वेळेवर असतात कारण विमान रात्रीच येऊन उभं असतं, संध्याकाळच्या फ्लाइटला दिवसभराचा साचलेला उशीर चिकटतो. याला एक मोठा अपवाद, दिल्ली, डिसेंबरचा शेवट ते जानेवारी. तेव्हा पहाटे धुकं असतं आणि सकाळचीच फ्लाइट सगळ्यात बेभरवशाची होते, त्या दिवसात दिल्लीला दुपारी पोचेल अशी फ्लाइट घ्या. मुंबईत पावसाळ्याआधी आणि नंतर धावपट्टी देखभालीसाठी दिवसाचे काही तास बंद ठेवतात, त्याची सूचना आधी येते, वर्तमानपत्रात असते, तेवढं बघून ठेवा.

वारा आणि जायच्या-यायच्या वेळेतला फरक

अंतर तेच, विमान तेच, तरी जाताना वेगळा वेळ आणि येताना वेगळा, असं का होतं हे खूप लोक विचारतात. वर दहाबारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात तर उत्तर भारतावरून त्यांचा मोठा पट्टा जातो. मुंबई-दिल्ली जवळपास दक्षिण-उत्तर असल्यामुळे तिथे फरक किरकोळ पडतो. पण मुंबई-कोलकाता बघा, १,६६० किलोमीटर, जाताना अडीच तासांच्या आसपास आणि परत येताना पावणेतीन ते तीन, कारण येताना वारा समोरून. मुंबई-लंडनला हेच मोठ्या प्रमाणावर होतं, जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास आणि येताना नऊच्या आसपास.

लांबच्या प्रवासात अजून एक गोष्ट वेळ वाढवते, ती म्हणजे बंद असलेली हवाई हद्द. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपली हद्द बंद ठेवली होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा भारतीय विमानांना बंद केली, त्या प्रत्येक वेळी दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या फ्लाइट्सना वळसा पडला, काहींना तर मधे इंधनासाठी थांबावं लागलं. अशा वेळी दोऱ्याने मोजलेलं अंतर कागदावर तेच राहतं आणि प्रवास लांबतो. म्हणून परदेशाचा हिशोब करताना जुन्या तिकिटावरचा वेळ धरू नका, आजचा बघा.

घड्याळाचं गणित

तिकिटावर सुटायची वेळ सुटायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. नुसती वजाबाकी केली तर उत्तर चुकणार. मी नेहमी सगळं आधी भारतीय वेळेत करतो आणि शेवटी एकदाच बदलतो, त्याने डोकं शांत राहतं. समजा लंडनची फ्लाइट मुंबईहून दुपारी १ ला सुटते आणि पावणेदहा तास घेते. भारतीय वेळेने रात्री पावणेअकरा. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं, म्हणजे तिथे संध्याकाळचे सव्वापाच. उन्हाळ्यात, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत, ते घड्याळ एक तास पुढे करतात, फरक साडेचारचा होतो आणि तीच फ्लाइट तिथल्या सव्वासहाला पोचते. परत येताना हिवाळ्यात रात्री साडेनऊला लंडनहून निघाली तर भारतात तेव्हा पहाटेचे तीन, अधिक नऊ तास, दुपारी बाराला मुंबई. तारीख दुसऱ्या दिवसाची. तिकिटावर वेळेच्या बाजूला अधिक एक असं बारीक अक्षरात असतं ते हेच. दुबई दीड तास मागे, आणि तिथे घड्याळ वर्षभर तेच राहतं.

आणि तारखेची एक गोष्ट मी सगळ्यांना कळकळीने सांगतो. मुंबईहून परदेशी जाणाऱ्या बऱ्याच फ्लाइट्स मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० लिहिलं असेल तर तुम्हाला १४ तारखेला रात्री नऊ-साडेनऊला विमानतळावर असायला हवं. १५ ला रात्री जेवूनखाऊन निघालात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असणार. आई-वडील पहिल्यांदा मुलाकडे चालले असतील तर कॅलेंडरवर त्या १४ तारखेवर गोल करा आणि बाजूला "रात्री घरून निघणे" असं मराठीत लिहून ठेवा, आणि ज्याला सोडायला यायचंय त्यालाही तोच दिवस सांगा.

दारापासून दारापर्यंत

शेवटी जो आकडा कामाचा तो हा. समजा दादरहून निघून दिल्लीत कनॉट प्लेसला जायचंय. दादर ते विमानतळ गाडीने पाऊण ते सव्वा तास, ट्रॅफिकवर अवलंबून, आता मेट्रो ३ आहे, तिची टर्मिनल १ म्हणजे टी१ ला वेगळं आणि टर्मिनल २ म्हणजे टी२ ला वेगळं अशी दोन स्टेशनं आहेत, ट्रॅफिकच्या वेळी मी मेट्रोच सुचवेन. तुमची फ्लाइट कुठल्या टर्मिनलवरून आहे ते आदल्या दिवशी बघा, टी१ सांताक्रूझ-विलेपार्ले बाजूला आणि टी२ अंधेरी-सहार बाजूला, चुकीच्या ठिकाणी उतरलात तर अर्धा तास गेलाच. विमानतळावर दोन तास आधी. देशांतर्गत चेक-इन बऱ्याच कंपन्या ६० मिनिटं आधी बंद करतात आणि गेट २५ मिनिटं आधी, आणि तिकिटावरची वेळ ही गेटवरून सुटायची आहे, आत शिरायची नव्हे. डिजीयात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारं अ‍ॅप) करून ठेवलं तर दारावरची रांग वाचते, बॅग टाकायची नसेल तर दीड तासातही होतं. मग सव्वादोन तास विमान. दिल्लीत उतरून बॅग येईपर्यंत अर्धा तास. टी३ वरून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो वीसेक मिनिटात नवी दिल्ली स्टेशनला सोडते, मधेच शिवाजी स्टेडियमला उतरलात तर कनॉट प्लेस तिथून जवळच, चालणं-थांबणं धरून पाऊण तास.

बेरीज करा, एक, दोन, सव्वादोन, अर्धा, पाऊण. साडेसहा तास. राजधानी साधारण साडेपंधरा तास घेते पण रात्री झोपून जाता, गावातून निघता आणि गावात उतरता. दिल्लीच्या बाबतीत मी तरीही विमानच म्हणेन. पण पुणे-नागपूरला हा हिशोब करून बघा, सव्वा तासाच्या उड्डाणासाठी सहज साडेचार-पाच तास जातात, आणि थेट फ्लाइट मिळाली नाही, हैदराबाद किंवा दिल्लीवरून बदलून जायचं म्हटलं तर रात्रीची ट्रेन किंवा स्लीपर बस जास्त शहाणपणाची. अ‍ॅपवर स्वस्तात दिसणाऱ्या वन स्टॉप तिकिटावर एकूण वेळ बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

बदलून जाताना दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असतील तर पहिली लेट झाल्यावर पुढची सोय करायची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर ती जबाबदारी तुमची, मग देशांतर्गत किमान तीन तास आणि पुढे परदेशी फ्लाइट असेल तर पाच-सहा तास अंतर ठेवा. मुंबईत टी१ वर उतरून टी२ वरून सुटायचं असेल तर बाहेर पडून रस्त्याने जायचं आहे, पुन्हा चेक-इन, पुन्हा सिक्युरिटी, हे धरून चाला.

हा ब्लॉक टाइम अजून एका ठिकाणी उपयोगी पडतो आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. डीजीसीए म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या नियमात प्रवाशाचे हक्क किलोमीटरवर ठरत नाहीत, ब्लॉक टाइमवर ठरतात. अडीच तासांपर्यंतची फ्लाइट असेल आणि ती दोन तास किंवा जास्त लेट होणार असेल तर वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशांना खाणंपिणं द्यायचं असतं, अडीच ते पाच तासांच्या फ्लाइटला तीच मर्यादा तीन तास, त्याहून लांबच्या फ्लाइटला चार तास. फ्लाइट रद्द केली, वेळेत कळवलं नाही आणि कारण हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर भरपाई एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० आणि दोनच्या वर १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे पुणे-नागपूर मधल्या गटात येतं आणि मुंबई-दिल्ली तिकिटावर २ तास १० मिनिटं छापलं असेल तर वरच्या गटात. तेव्हा तिकीट आलं की त्यावरची सुटायची आणि पोचायची वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा, काउंटरवर बोलायची वेळ आली तर तोच पुढे करायचा.